पाणबुडीची प्रतिकृती: पहिल्या सांध्यापासून गंजाच्या ओघळापर्यंत

पाणबुडीचे स्केल मॉडेल नवख्यांना सोपे वाटते, आणि सुट्या भागांची संख्या पाहिली तर ते खरेही आहे. विमानाच्या पारदर्शक छत्रीशी किंवा रणगाड्याच्या पट्ट्यांशी झगडावे लागत नाही. देहाचे दोन लांब अर्धे भाग, वरचा डेक, मधला मनोरा, पेरिस्कोप, सुकाणू आणि प्रोपेलर एवढ्यावर बरेचसे काम भागते. अडचण वेगळीच असते. हातभर लांबीच्या गुळगुळीत पृष्ठभागावर सांधा नीट बुजला नसेल, तर तो झाकायला काहीच मिळत नाही. आणि एकरंगी राखाडी देहावर जुनेपणाच्या खुणा विचार न करता उमटवल्या, तर पाणबुडी वापरातली न दिसता नुसती मळकी दिसते. म्हणून या लेखात जोडणी आणि जुनेपणा या दोन टप्प्यांवर अधिक वेळ दिला आहे. दोन्ही ठिकाणी एकच प्रश्न हाताशी ठेवावा: खऱ्या पाणबुडीत पाणी कुठून शिरते, कुठून बाहेर पडते आणि जाताजाता कुठे रेंगाळते?

नौका आणि प्रमाण यांची निवड

उदाहरणासाठी दुसऱ्या महायुद्धातील जर्मन टाइप ७-सी ही नौका घेऊ. तिची किट्स अनेक प्रमाणांत मिळतात, छायाचित्रे भरपूर आहेत आणि शिकण्यासारखे सर्व काही तिच्यात आहे. खऱ्या नौकेची लांबी ६७.१ मीटर आणि रुंदी ६.२ मीटर होती. त्यामुळे १/३५० प्रमाणात मॉडेल सुमारे १९ सेंटिमीटरचे होते, १/१४४ मध्ये सुमारे ४७ सेंटिमीटरचे आणि १/७२ मध्ये थेट ९३ सेंटिमीटरचे. पहिल्या प्रयत्नासाठी १/१४४ मला सर्वांत योग्य वाटते. ते टेबलावर मावते, हातात नीट धरता येते आणि तरीही जुनेपणाच्या खुणा दाखवायला पुरेशी जागा देते. १/७२ चे मोठे किट मोहात पाडते खरे, पण त्यात एकच सांधा जवळजवळ मीटरभर लांब असतो आणि रंगवतानाचा प्रत्येक टप्पा काही पटींनी वाढतो.

निवडलेल्या प्रमाणाचा हिशोब आधीच करून कागदावर लिहून ठेवावा. १/१४४ मध्ये एक मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षातले १४.४ सेंटिमीटर, तर १/३५० मध्ये ३५ सेंटिमीटर. पुढे रंगाचा टवका किंवा गंजाचा ठिपका काढताना हा कागद समोर असला की हात आपोआप आवरला जातो.

छायाचित्रे आधी, कात्री नंतर

टाइप ७ वर्गाच्या सातशेहून अधिक नौका बांधल्या गेल्या आणि त्या एकसारख्या नव्हत्या. बाह्य आवरणाच्या बाजूंना पाणी वाहून जाण्यासाठी जी छिद्रे असतात, त्यांची मांडणीसुद्धा गोदीनुसार बदलत असे. डेकवरची ८८ मिलिमीटरची तोफ युद्धाच्या उत्तरार्धात बहुतेक नौकांवरून काढली गेली, आणि मनोऱ्याच्या मागचा मंच विमानविरोधी तोफांसाठी मोठा होत गेला. त्यामुळे नौकेचा क्रमांक आणि निदान वर्ष ठरवल्याशिवाय भाग कापायला घेऊ नयेत. नाहीतर १९४१ ची तोफ आणि १९४४ चा मनोरा एकाच मॉडेलवर येतात. युद्धापूर्वी मनोऱ्यावर मोठ्या अक्षरांत क्रमांक रंगवलेला असे, तो युद्ध सुरू होताच पुसला गेला. त्याऐवजी बोधचिन्हे दिसू लागली. यू-४७ च्या मनोऱ्यावरचा फुरफुरणारा बैल आणि यू-९६ वरचा हसरा करवतमासा ही त्यांतली प्रसिद्ध उदाहरणे. डिकलच्या (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चिन्हांच्या) पानावर क्रमांक आहे म्हणून तो लावलाच पाहिजे असे नाही.

जर्मनीत कीलजवळ लाबे येथे किनाऱ्यावर यू-९९५ ही नौका १९७२ पासून संग्रहालय म्हणून उभी आहे. ती ७-सी/४१ या उपप्रकाराची आहे आणि तिची जवळून काढलेली छायाचित्रे डेकच्या फळ्या, झाकणे, कठडे समजून घ्यायला फार उपयोगी पडतात. मात्र युद्धानंतर ती नॉर्वेच्या नौदलात होती आणि पुढे प्रदर्शनासाठी तिची डागडुजी झाली, म्हणून तिच्यावरून आकार घ्यावा, रंग आणि गंज घेऊ नये. गंजासाठी समुद्रावरून परतणाऱ्या नौकांची युद्धकाळातली कृष्णधवल छायाचित्रेच पाहावीत.

तयारी

सर्व स्प्रू, म्हणजे भाग जिला जोडलेले येतात ती प्लास्टिकची चौकट, कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब टाकून धुवावेत आणि वाऱ्यावर सुकू द्यावेत, कारण साच्यातून भाग सुटावा म्हणून वापरलेल्या पदार्थाचा अंश राहिला तर रंग तिथे नीट धरत नाही. हत्यारे थोडीच लागतात: धारदार निपर, मॉडेलिंगचा चाकू, ४०० ते १००० नंबरपर्यंतचे वॉटरप्रूफ पॉलिश पेपर, पातळ द्रव सिमेंट, सुपरग्लू, पुट्टी, मास्किंग टेप आणि अर्ध्या मिलिमीटरचे ड्रिल. भाग स्प्रूपासून एकदम चिकटून कापू नये. थोडा खुंट ठेवून कापावा आणि मग तो चाकूने व पॉलिश पेपरने सपाट करावा.

छिद्रे उघडणे

हा टप्पा किटच्या सूचनापत्रकात बहुधा नसतो, आणि मॉडेलच्या दिसण्यात सर्वांत मोठा फरक तोच पाडतो. पाणबुडीचा दाबरोधक देह आत असतो. बाहेरचे पातळ आवरण व डेक आणि हा आतला देह यांच्यामध्ये समुद्राचे पाणी मुक्तपणे भरते आणि नौका वर आली की या छिद्रांतून धबधब्यासारखे बाहेर पडते. लहान प्रमाणाच्या किटमध्ये ही छिद्रे पुष्कळदा नुसते उथळ खळगे म्हणून दिलेली असतात. रंगवल्यावर ती छिद्रे वाटत नाहीत, ठसे वाटतात.

ती उघडण्यासाठी बाहेरून भोके पाडण्याची घाई करू नये. अर्धा देह पालथा धरून आतल्या बाजूने, छिद्रांच्या ओळीमागचे प्लास्टिक गोल पात्याच्या चाकूने किंवा फिरत्या ग्राइंडरने हळूहळू खरवडावे. अधूनमधून तो दिव्यासमोर धरावा. प्लास्टिक पुरेसे पातळ झाले की खळगे उजळ दिसू लागतात, आणि मग बाहेरून सुईचे टोक टेकवले तरी पापुद्रा फुटतो. कडा चाकूच्या टोकाने चौरस कराव्यात. दोन्ही बाजू मिळून दोन-तीन संध्याकाळी जातात, पण घाईने ग्राइंडर दाबला तर उष्णतेने प्लास्टिक वितळून दोन छिद्रे एक होतात, म्हणून वेग कमी ठेवावा. काम झाल्यावर देहाच्या आतली बाजू काळपट रंगाने रंगवून टाकावी, म्हणजे नंतर छिद्रातून पाहिल्यावर कोरे प्लास्टिक चमकणार नाही.

देह बंद करण्यापूर्वी स्टँडचाही निर्णय घ्यावा. खालून दोन स्क्रू येणार असतील तर त्यांचे नट आतून एपॉक्सीने पक्के बसवून घ्यावेत. पूर्ण झालेल्या, रंगवलेल्या पाणबुडीला नंतर भोक पाडणे हा जिवावरचा खेळ आहे.

लांब सांधा

माझ्या पहिल्या पाणबुडीचा सांधा मी एकाच बैठकीत पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत चिकटवला, वर रबरबँड गुंडाळले आणि दुसऱ्याच दिवशी घासून रंगवायला घेतला. दोन महिन्यांनी देहाच्या खालच्या बाजूला केसाएवढी रेघ उमटली आणि हळूहळू लांबत गेली. सिमेंटने मऊ झालेले प्लास्टिक आत पूर्ण वाळण्याआधीच मी ते सपाट केले होते. वाळताना ते आक्रसले आणि सांधा खोल गेला. शिवाय आतून आधार नसल्यामुळे मॉडेल हातात धरताना प्रत्येक वेळी दोन्ही अर्ध्या भागांवर ताण येत होता.

त्यानंतर मी जी पद्धत पाळतो ती अशी. एका अर्ध्या भागाच्या आतल्या कडेला प्लास्टिकच्या पट्टीचे दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे असे चिकटवावेत की ते निम्मे बाहेर राहतील आणि दुसरा अर्धा भाग त्यांच्यावर बसेल. हे तुकडे सांध्याला आतून आधार देतात आणि दोन्ही कडा एका पातळीत ठेवतात. मग दोन्ही भाग कोरडेच जुळवून टेपने बांधावेत, कुठे फट किंवा पायरी राहते ते बोटाने चाचपावे आणि पेन्सिलने खूण करावी. चिकटवताना मध्यापासून सुरुवात करून एका वेळी पाच ते आठ सेंटिमीटरच सांधा घ्यावा: पातळ सिमेंटचा ब्रश फटीला टेकवला की ते केशाकर्षणाने आत धावते, मग अर्धे मिनिट थांबून दोन्ही बाजू हलकेच दाबाव्यात, म्हणजे वितळलेल्या प्लास्टिकची बारीक कड बाहेर येते. ही कड दिसली की त्या जागी सांधा खरोखर एकजीव झाला आहे असे समजावे. ती ओली असताना पुसण्याचा मोह आवरावा. निदान दोन दिवस, आणि शक्य असल्यास आठवडाभर, मॉडेलला हात लावू नये.

त्यानंतर कड चाकूने खरवडून ४०० नंबरच्या ओल्या पॉलिश पेपरने घासावी आणि ६०० व १००० वर आणावी. उरलेल्या फटींना पुट्टी चालते, पण मला सुपरग्लूत टाल्कम पावडर कालवून केलेले भरण अधिक आवडते, कारण ते आक्रसत नाही आणि त्याची कड उडत नाही. मात्र ते एक-दोन तासांतच घासून घ्यावे. रात्रभर ठेवले तर ते भोवतालच्या प्लास्टिकपेक्षा कठीण होते आणि घासताना बाजूचेच प्लास्टिक झिजते. पुसल्या गेलेल्या पत्र्यांच्या रेषा जाड टेपचा आधार घेऊन सुईने पुन्हा कोराव्यात.

डोळ्यांवर विसंबून सांधा झाला असे मानू नये. राखाडी प्रायमरचा पातळ थर द्यावा, तो वाळू द्यावा आणि मॉडेल खिडकीजवळ तिरपे धरून देहाच्या लांबीकडे पाहावे. प्रकाशाची पट्टी जिथे तुटते तिथे दोष आहे. पुन्हा भरणे, पुन्हा घासणे, पुन्हा प्रायमर, असे दोन-तीन फेरे होणे स्वाभाविक आहे. १/१४४ मध्ये ०.२ मिलिमीटरची फटसुद्धा खऱ्या नौकेवर जवळजवळ तीन सेंटिमीटरची चीर ठरते, हे लक्षात घेतले की या फेऱ्यांचा कंटाळा येत नाही.

रंग

टाइप ७-सी च्या देहाचा पाण्यावरचा भाग साधारणतः फिक्या राखाडी रंगाचा आणि पाण्याखालचा भाग गडद राखाडी असे. इतर देशांच्या अनेक नौकांना तळाशी तांबडा रंग असतो, म्हणून सवयीने तांबडी बाटली उघडण्यापूर्वी आपल्या नौकेची माहिती तपासावी. लाकडी डेक हीसुद्धा नेहमीची फसगत आहे. लाकूड म्हटल्यावर हात तपकिरीकडे जातो, पण या नौकांचे डेक गडद, काळपट दिसत आणि वापराने राखाडी होत.

लहान मॉडेलवर खऱ्या नौकेचा रंग जसाच्या तसा वापरला तर तो अधिक गडद भासतो, कारण खरी नौका आपण बरेच अंतर राखून, मधल्या हवेतून पाहतो. म्हणून प्रत्येक रंगात थोडा फिका राखाडी मिसळावा. शुद्ध काळा तर कधीच वापरू नये. आधुनिक अणुपाणबुडीसाठीही गडद राखाडीच घ्यावा. काळ्यावर सावली पडत नाही आणि त्यावर पुढे काहीही गडद दाखवता येत नाही.

एअरब्रश असल्यास ॲक्रिलिक रंग दुधाइतका पातळ करून १५ ते २० पीएसआय दाबाने, दहा ते पंधरा सेंटिमीटरवरून पातळ थर द्यावेत. स्प्रेकॅननेही उत्तम काम होते, फक्त थर हलके असावेत. खोलीत हवा खेळती ठेवावी आणि चांगला मास्क लावावा. आधी फिका रंग, मग गडद. सलग सपाट रंग निर्जीव दिसतो, म्हणून मूळ रंगात थोडा पांढरा मिसळून पत्र्यांच्या मध्यभागी ढगाळ, वेडेवाकडे फवारे मारावेत. ते जवळून दिसावेत, दुरून जाणवू नयेत.

दोन रंगांमधली जलरेषा हाताने टेप लावून अंदाजे आखू नये. मॉडेल स्टँडवर अगदी समपातळीत ठेवावे, पेन्सिल एका लाकडी ठोकळ्यावर योग्य उंचीला आडवी बांधावी आणि तो ठोकळा टेबलावरून मॉडेलभोवती सरकवत रेघ उमटवावी. बाजूंच्या फुगीर बॅलास्ट टाक्यांवरून (बुडी मारताना पाणी भरण्याच्या टाक्यांवरून) रेघ वळते तेव्हा ती डोळ्यांना वाकडी वाटते; ती बरोबर असते. रेघेवर आधी दोन मिलिमीटरचा अरुंद टेप लावावा, कारण तो वळणावर सुरकुतत नाही, आणि मग उरलेला भाग रुंद टेपने झाकावा.

डिकल लावण्यापूर्वी त्या जागी चकचकीत व्हार्निश द्यावे. खरखरीत मॅट पृष्ठभागावर डिकलखाली हवा अडकते आणि पारदर्शक कडा चांदीसारख्या चमकतात.

जुनेपणा

ही नौका पाण्यावर १७.७ नॉट वेगाने जाई, पाण्याखाली फक्त ७.६ नॉटने, आणि बॅटरीच्या मर्यादेमुळे तिचा बहुतेक प्रवास पृष्ठभागावरच होई. म्हणजे आठवडेच्या आठवडे लाटा तिच्या पुढच्या टोकावर, जलरेषेवर आणि मनोऱ्याच्या पायथ्याशी आपटत. झीज याच ठिकाणी दाखवावी. डेकवर माणसांचा वावर मनोऱ्याभोवती आणि झाकणांपाशी असतो, तेव्हा फळ्या तिथे फिक्या कराव्यात.

सर्वप्रथम सर्व देहावर चकचकीत किंवा अर्धमॅट व्हार्निशचा थर देऊन तो पूर्ण दिवस वाळू द्यावा. खाली ॲक्रिलिक आणि वर तैलरंग हा क्रम पाळला तर वरचे काम पुसून पुन्हा करता येते. खाली एनॅमल रंग असेल तर वरचा थिनर त्यालाच विरघळवू शकतो. मग काळपट तपकिरी तैलरंगाचा वॉश, म्हणजे थिनरमध्ये अगदी पातळ केलेला रंग, बारीक ब्रशने फक्त रेषांत, झाकणांभोवती आणि छिद्रांच्या कडांना सोडावा. संपूर्ण मॉडेल वॉशने माखू नये.

आता ओघळ. तैलरंग ट्यूबमधून थेट न घेता अर्धा तास पुठ्ठ्यावर काढून ठेवावा, म्हणजे त्यातले तेल पुठ्ठा शोषतो आणि रंग मॅट वाळतो. छिद्राच्या खालच्या कडेला गंजाच्या रंगाचा टाचणीच्या टोकाएवढा ठिपका द्यावा आणि दहा मिनिटे थांबावे. चपटा ब्रश थिनरमध्ये बुडवून पुठ्ठ्यावर इतका पुसावा की तो जवळजवळ कोरडा राहील, आणि ठिपक्यावर टेकवून एकाच हालचालीत खाली ओढावा. ठिपका वर दाट राहतो, खाली विरत जातो. लांब वाटला तर ब्रश पुसून खालून वर हलकेच फिरवावा. इथे पाण्याचा प्रश्न पुन्हा विचारावा लागतो: वरच्या उभ्या पत्र्यावरून आलेला ओघळ बॅलास्ट टाकीच्या फुगवट्यावर पोहोचला की त्याचा वेग मोडतो, तो खांद्यावर थोडा पसरतो, साचतो आणि मग टाकीच्या वळणावरून पुन्हा खाली जातो. त्या खांद्यावर एक फिकी, आडवी छटा दिली की ओघळाला वजन येते. सगळे ओघळ सारख्या लांबीचे झाले तर कंगवा फिरवल्यासारखे दिसते, म्हणून काही छिद्रे मुद्दाम मोकळी सोडावीत. तांबूस ओघळांमध्ये मिठाचे मळकट पांढरे, अगदी पुसट ओघळही मिसळावेत.

ताजा गंज नारिंगी आणि उगमापाशी असतो, जुना गंज गडद तपकिरी आणि पसरलेला. लाकडी फळ्यांना गंज येत नाही, कांस्याच्या प्रोपेलरला तांबूस गंज चढत नाही, तो तपकिरी-हिरवट होतो. आणि पेरिस्कोपची सरकणारी नळी स्वच्छच राहते. नवखे लोक इथेच सर्वाधिक चुकतात.

उडालेल्या रंगासाठी हेअरस्प्रेची पद्धत चांगली आहे, पण तिचा विचार रंग देण्याआधी करावा लागतो: आधी गंजाचा रंग देऊन व्हार्निशने पक्का करावा, त्यावर हेअरस्प्रेचे दोन हलके थर, त्यावर वरचा ॲक्रिलिक राखाडी. वीसेक मिनिटांनी ती जागा कोमट पाण्याने ओली करून आखूड ताठ ब्रशने घासली की वरचा रंग कपच्यांनी सुटतो. लहान टवक्यांसाठी फाटक्या स्पंजचा तुकडा रंगात टेकवून, बहुतेक रंग कागदावर काढून मग टिपावा. मिलिमीटरभराचा टवका म्हणजे हाताच्या पंजाएवढा डाग, हे विसरू नये.

जलरेषेवर शेवाळाची काळपट हिरवी पट्टी द्यावी. तिची वरची कड फाटकी असावी, टेपने आखल्यासारखी नको. आधुनिक अणुपाणबुडी असेल तर हे बरेचसे बाजूला ठेवावे. ती महिनोन्महिने पाण्याखाली असते आणि अनेक नौकांच्या देहावर ध्वनिशोषक रबरी फरशा असतात, त्यामुळे तिथे नारिंगी गंजापेक्षा विटलेले राखाडी पट्टे आणि गळून पडलेल्या फरशांचे चौकोन अधिक खरे वाटतात.

शेवटची जोडणी

तैलरंग दोन-तीन दिवस वाळल्यावर मॅट व्हार्निश द्यावे आणि मगच नाजूक भाग बसवावेत. मनोऱ्यापासून दोन्ही टोकांकडे जाणाऱ्या तारांसाठी स्प्रूचा तुकडा मेणबत्तीच्या वर, ज्योतीला न लावता, मऊ होईपर्यंत फिरवावा आणि बाजूला घेऊन ओढावा. जितके वेगाने ओढाल तितका धागा बारीक निघतो. १/१४४ साठी ०.१ मिलिमीटर पुरे. त्याची टोके सुपरग्लूच्या कणाने चिकटवावीत, आणि तार सैल वाटली तर नुकत्याच विझवलेल्या काडीची ऊब किंचित दुरून फिरवावी, ती ताठ होते. तारेवरचे इन्सुलेटर म्हणजे पांढऱ्या गोंदाचे थेंब. सुईच्या टोकाने एकावर एक दोन थर द्यावेत आणि वाळल्यावर रंगवावेत. सर्वांत शेवटी पेरिस्कोपच्या भिंगावर चकचकीत व्हार्निशचा एक ठिपका द्यावा.